हाताचं माप

१९५६ साल होतं. मुंबई कोणाची, यावरून जानेवारीत शहर पेटलं होतं. माणसं रस्त्यात पडली होती, आणि दिवाळी आली तेव्हा द्वैभाषिक राज्य गळ्यात पडलं होतं. गिरगावात त्या वर्षी कंदील लागले, पण फटाक्यांचा आवाज झाला की बायका अजून खिडक्या लावून घेत.

ठाकूरद्वारला एका चाळीच्या तळमजल्यावर दत्ताराम पांचाळ यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्याकडे दहा फुटांची खोली, तिच्या मागे जाड हिरवा पडदा, पडद्यामागे कामाची खोली आणि त्याच्याही मागे बिऱ्हाड. दत्ताराम मिस्त्रींचं नाव मोठं होतं. शिकारीला जाणारे पारशी, कोकणातले खोत, नळबाजारातले व्यापारी अशी गिऱ्हाइकं यायची. पण तीन वर्षांपासून मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते जेवण टाकत. परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून ते पुढे बसायचे. काम करायची पडद्यामागे त्यांची मुलगी पद्मजा.

पद्मजा एकतीस वर्षांची होती. लग्न जमलं नव्हतं आणि आता जमवायला कोणी उरलं नव्हतं. कानस चालवण्यात तिचा हात वडिलांपेक्षा हलका होता, हे ते स्वतःच म्हणायचे, मात्र पडदा ओढून घेतल्यावर.

"बाईच्या हातची बंदूक कोण खांद्याला लावणार गं?" ते म्हणायचे. "तू कर. नाव माझं राहू दे."

म्हणून पद्मजा गिऱ्हाइकाला कधी पाहत नसे. तिला फक्त त्यांचे हात माहीत होते. मिस्त्रींची एक पद्धत होती. पिस्तुलाची मूठ नव्याने करायची असली की जुन्या पट्ट्या काढायच्या, उघड्या लोखंडाला दोन्ही बाजूंनी कोमट मेण थापायचं आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मिस्त्री त्याचं एकेक बोट जागेवर बसवून म्हणत, "दाबा." मग ओलं फडकं टाकून ते पडद्याआड द्यायचं. पद्मजा त्या ठशाबरहुकूम शिसवीची मूठ कोरायची. काम गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की मेण परत भांड्यात आणि भांडं शेगडीवर. तीस वर्षं तेच मेण होतं. अर्ध्या मुंबईचे हात त्यात विरघळलेले होते.

घरात तिसरं माणूस म्हणजे वासंती, पद्मजाच्या धाकट्या भावाची बायको. चौथं माणूस, शशिकांत, जानेवारीपासून घरी नव्हता.

लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणून वासंती माहीमला माहेरी गेली होती. हलव्याचे दागिने घातलेला फोटो काढला आणि तिने कार्ड टाकलं, न्यायला या. कार्ड आलं त्या दिवशी ट्राम बंद होत्या, बस बंद होत्या. पद्मजा म्हणाली, उद्या जा. शशिकांत म्हणाला, "चालत जातो. दुपारपर्यंत पोचेन. घाबरतेस काय गं ताई, मला कोण ओळखतंय?" तो चप्पल घालून निघाला.

संचारबंदी उठली त्या सकाळी वासंती आणि तिचे वडील शामराव दारात उभे राहिले. शामराव रागातच होते. "जावई न्यायला आले नाहीत, म्हणून मीच घेऊन आलो," ते म्हणाले. पद्मजा त्यांच्या पाठीमागे रस्त्यावर पाहत होती, अजून एक माणूस येईल म्हणून. वासंतीही तिच्या खांद्यावरून आत पाहत होती. दोघींना एकाच वेळी कळलं.

मग इस्पितळं झाली, कोठड्या झाल्या, याद्या झाल्या. मेलेल्यांत नाव नव्हतं, धरलेल्यांत नव्हतं, जखमींत नव्हतं. वासंती रोज सकाळी कुंकू लावी आणि पद्मजा ते होईपर्यंत दुसरीकडे बघत राही.

दिवाळीला शामराव आले ते ठरवूनच.

"बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे, मला ठाऊक आहे," ते मिस्त्रींना म्हणाले. "पण ती माझ्या घरी बसून पाहील. बावीस वर्षांची पोर आहे व्याही. इथे दिवसभर दाराकडे तोंड करून बसते."

"मी नाही येणार, अण्णा," वासंती आतून म्हणाली.

"मग जिवंत असल्याची एक तरी खूण दाखव. चिठ्ठी, निरोप, काहीही. दाखवलीस तर आल्या पावली परत जाईन. देवदिवाळीला येतो. तोवर काही नसेल तर पेटी भरून ठेव."



त्याच आठवड्यात एक पिस्तूल दुकानात आलं. घेऊन येणारे गृहस्थ रघुवीर त्रिलोकेकर, माहीमचे जुने पाठारे प्रभू. वाडीत एकटेच राहत. पद्मजाने पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकला. घोगरा, सावकाश आवाज.

"दुसऱ्याचं वापरलेलं आहे, मिस्त्री. खेतवाडीतले डॉक्टर वारले, त्यांचं. रीतसर माझ्या परवान्यावर चढवून घेतलंय. पंधरा वर्षं कपाटातच होतं म्हणे. नवं करून द्या."

पिस्तूल बेल्जियन होतं, बत्तीस बोराचं, कोटाच्या खिशात मावेल एवढं. पद्मजाने ते उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि घासलेटच्या थाळीत सुटं केलं. मुठीच्या काळ्या रबरी पट्ट्या तडकलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली गंजाने लोखंड खरबरीत झालं होतं. स्प्रिंग थकली होती. नेम धरायची पुढची माशी इतकी बारीक होती की म्हाताऱ्या डोळ्यांना दिसणार नाही. तिने कामं ठरवली. गंज काढायचा, रंग नव्याने चढवायचा, स्प्रिंग बदलायची, माशी मोठी बसवायची आणि मूठ नवी करायची. त्यात वेगळं असं काही नव्हतं. असली दहा पिस्तुलं तिच्या हातांखालून गेली होती.

चौथ्या दिवशी त्रिलोकेकर माप द्यायला आले. मिस्त्रींनी नेहमीसारखं मेण थापलं, दाबून घेतलं, फडकं टाकून पडद्याआड दिलं. पद्मजाने फडकं उचललं.

ती किती वेळ तशीच उभी होती, तिला कळलं नाही. बाहेर त्रिलोकेकरांच्या चपला वाजल्या, दूर गेल्या.

मधलं बोट आखूड होतं. वरचं पेर अर्ध्यावर संपलेलं, नख डावीकडे वळलेलं, चोचीसारखं. असं बोट तिने आयुष्यात एकच पाहिलं होतं. शशी अकरा वर्षांचा असताना याच खोलीत, याच टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, वाइसच्या जबड्यात त्याने बोट घातलं होतं आणि दांडा फिरवला होता पद्मजाने. तिला वाटलं, त्याने हात काढलाय.

"आबा, कोण आलं होतं?"

"त्रिलोकेकर. का?"

"त्यांचं मधलं बोट कसं आहे?"

"बोटासारखं आहे. मी स्वतः बसवलं."

"आखूड आहे का?"

 मिस्त्रींचे पांढरट डोळे पडद्याकडे वळले. "नाही," ते म्हणाले. "चांगलं लांब आहे. काय झालं?"

"काही नाही. मेण हललं."

तिने मेण खरवडून काढलं, कोमट केलं आणि पुन्हा थापलं. या वेळी स्वतःच्या हाताने दाबलं. बोटं उचलली. तिचा हात लहान, बारीक, पाचही बोटांचा. मेणात रुंद पंजा होता आणि मधलं बोट आखूड.

पद्मजा घाबरट नव्हती. तिने पिस्तुलाच्याच आकाराचा लाकडी ठोकळा घेतला, त्यावर मेण लावून दाबलं. तिचाच हात उमटला. परत पिस्तुलावर दाबलं. शशीचा. डाव्या हाताने दाबलं. उमटला तो शशीचा उजवा. तिने भांड्यातलं मेण बदलून बाजारातलं नवं आणलं. काही फरक नाही. पाचव्या खेपेला तिने हात धुतले आणि वासंतीला हाक मारली.

वासंतीने विचारलं नाही, हे काय आहे. तिने वाकून पाहिलं. मग आपली तर्जनी त्या आखूड खळगीत घातली आणि तशीच ठेवली.

"नखं वाढलीत," ती म्हणाली.

"काय?"

"बघा ना वन्सं. सांगितल्याशिवाय कापायचीच नाहीत. सोमवारी पण कापतील, पण सांगावं लागतं." तिने मेणाकडे तोंड नेलं आणि हळूच, रोजच्यासारखं म्हणाली, "कापा ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मजाने मेण नव्याने थापून दाबलं. नखं कापलेली होती. एका बाजूला जरा खोलवर गेलं होतं, तिथे त्वचा उचललेली दिसत होती.

त्या दिवसापासून घर बदललं. जेवणं आटोपून मिस्त्री आडवे झाले की दोघी कामाच्या खोलीत जायच्या. पद्मजा मेण दाबायची, वासंती बघायची. कधी तळव्याला फोड असायचा, कधी करंगळीला चीर. एकदा मेणात बारीक खडे रुतलेले निघाले. पद्मजाने जिभेला लावून पाहिलं, खारट होते. दोघी वडाळ्याच्या मिठागरांवर जाऊन आल्या. पांढऱ्या ढिगांमधून उन्हात दोन तास हिंडल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातांकडे बघत. मुकादम हसला. "ताई, इथे सगळ्यांचीच बोटं फाटलेली. कोणतं हवंय?"

वासंतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती दाराकडे तोंड करून बसेनाशी झाली. समोरच्या सुंदराबाई एकदा म्हणाल्या, "काय गो, निरोप बिरोप इलो काय नवऱ्याचो?" आणि वासंती चक्क लाजली.

पद्मजाला मात्र एक गोष्ट दिसत होती, ती तिने वासंतीला सांगितली नाही. पकड घट्ट होत चालली होती. आधीचा ठसा पिस्तूल नुसतं धरल्यासारखा होता. आता बोटांच्या मधून मेण वर येत होतं. ही पिस्तूल धरल्याची पकड नव्हती. गर्दीत हात सुटू नये म्हणून माणूस दुसऱ्याचा हात धरतो, तशी ती होती.

पिस्तुलाचं बाकी काम संपलं. गंज गेला, लोखंडावर निळसर काळा रंग चढला, नवी स्प्रिंग खटकन बसली. फक्त मूठ राहिली होती. त्रिलोकेकर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"मिस्त्री, वस्तू माझी आहे. परवान्यावर नंबर माझ्या नावाचा आहे. सोमवारी मिळाली नाही तर मला चौकीत कळवावं लागेल."

ते गेल्यावर मिस्त्रींनी पडदा बाजूला केला. "कसली मूठ कोरतेस महिनाभर? दुकान बंद करायचंय का?"

सोमवारीच देवदिवाळी होती.

"देऊ नका," वासंती म्हणाली.

"न देऊन कसं चालेल? आबांचा परवाना जाईल. त्यांना तुरुंगात घालतील."

"मग एवढं करा. मूठ ह्यांच्या मापाची करा. आणि एक ठसा मला ठेवा. तो मी अण्णांना दाखवते. अण्णांनी ते बोट पाहिलंय, लग्नात त्यांनीच हातावर हात ठेवला होता. ते ओळखतील. मग मला कोणी नेणार नाही."

पद्मजाने तसं केलं. दुसऱ्याच्या हाताची मूठ गिऱ्हाइकाला द्यायची, हे तिने कधी केलं नव्हतं. रविवारी दिवसभर तिने शिसवी कोरली, मधल्या बोटाची खाच अर्ध्यावर थांबवली आणि तेलाचा हात दिला. संध्याकाळी मुठीशिवायच्या लोखंडावर शेवटचा ठसा घेतला, तो सोडवून बशीत ठेवला, ओलं फडकं टाकलं. मग मूठ बसवली.

सोमवारी दहा वाजता त्रिलोकेकर आले. पद्मजा पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती. तिने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. उंच, वाकलेले, धुतलेल्या डगल्यातले एकटे म्हातारे गृहस्थ. त्यांनी पिस्तूल उचललं, मूठ धरली.

आता ते म्हणतील, हे माझ्या हाताचं नाही.

"वा," त्रिलोकेकर म्हणाले. "मिस्त्री, असं बसलंय की हाताबाहेर जागाच नाही."

पद्मजाने पाहिलं. त्यांचं मधलं बोट त्या आखूड खाचेत पुरतं मावलं होतं. बाहेर काही उरलं नव्हतं.

त्यांनी पिस्तूल खोक्यात ठेवलं आणि हात उघडला. पाचही बोटं लांब होती.

ते गेले. पद्मजाने आत जाऊन दुपारचा स्वयंपाक उरकला. वासंती केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून वडिलांची वाट बघत होती. "आणू का बाहेर?" तिने विचारलं.

"आण."

वासंती कामाच्या खोलीत गेली. बराच वेळ ती आली नाही, म्हणून पद्मजा गेली.

मिस्त्री शेगडीपुढे पाटावर बसले होते. शेगडी फुललेली होती, वर मेणाचं भांडं. बशी रिकामी होती, फडकं नीट घडी करून ठेवलेलं. भांड्यातलं मेण स्वच्छ, पिवळं, पातळ झालं होतं.

"आबा," पद्मजा म्हणाली.

"काम गेलं ना? मग मेण भांड्यात. तुझं लक्ष नसतं हल्ली, सगळं मलाच करावं लागतं."

"हात लावून पाहिला नाहीत?"

"पाहिला की."

"मग?"

मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मऊ होतं," ते म्हणाले. "कोमट लागलं. मला वाटलं, शेगडीजवळ राहिलं असेल."

"आणि?"

"शेगडी मी नंतर पेटवली."



वासंती भांड्यावर वाकली होती. तिचं तोंड त्या मेणात दिसत होतं, कुंकवासकट. तिने रडारड केली नाही. शामराव आले तेव्हा ती उंबऱ्यात पेटीशेजारी उभी होती.

"काही खूण?" शामरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात, कोण जाणे, आशाही असावी.

"नाही," वासंती म्हणाली. मग वळून पद्मजाच्या पाया पडली. "येते वन्सं. ते आले तर सांगा, मी माहीमलाच आहे."

त्या संध्याकाळी पद्मजाने पुन्हा पुन्हा मेण दाबलं. लाकडी ठोकळ्यावर, वाइसच्या दांड्यावर, हातोडीवर. सगळीकडे तिचाच हात होता.

दत्ताराम मिस्त्री १९५८ च्या पावसाळ्यात गेले. डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यांनी शेवटपर्यंत करून घेतली नाही. परवाना त्यांच्याबरोबर संपला. पद्मजाने हिरवा पडदा काढून टाकला आणि त्याच दुकानात स्वतःच्या नावाची पाटी लावून टाइपरायटर दुरुस्त करायला घेतले. महाराष्ट्र झाला त्या रात्री सगळा गिरगाव रस्त्यावर होता. ती दाराशी उभी राहून जाणाऱ्यांचे हात बघत होती. पुढे सत्तावीस वर्षं ती तिथे एकटी राहिली. एकटीचा स्वयंपाक करायची सवय तिला लागली नाही, रोज थोडं जास्तच व्हायचं.

त्रिलोकेकरांनी ते पिस्तूल एकदाही झाडलं नाही. १९६२ साली त्यांनी ते सरकारजमा केलं आणि पुण्याला भाच्याकडे राहायला गेले. जाण्याआधी ते दुकानात येऊन गेले. म्हणाले, दर वर्षी संक्रांतीनंतरचे चार दिवस कोणीतरी वाडीचं फाटक उघडून आत येतं, पायरीपर्यंत येतं आणि चुकीचं घर असल्यासारखं परत जातं. पिस्तूल देऊन टाकल्यावर ते थांबलं का, हे पद्मजाने विचारलं नाही. ते पुण्यात किती वर्षं जगले, कळलं नाही.

शामराव अजून होते. बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा, १९६८ च्या जानेवारीत, पळसाच्या पानांचा पुतळा करून जावयाचा विधी उरकायचं त्यांनी ठरवलं. गुरुजी ठरले, दिवस ठरला.

वासंती माहीमच्या शाळेत शिकवत होती. कुंकू तिने पुसलं नव्हतं. विधीच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाहेर जायचं लुगडं नेसून, पायांत चपला घालून ओसरीवरच्या खुर्चीत बसली आणि तिथेच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. चौतीस वर्षांची होती.

पद्मजा माहीमला गेली. अंघोळ घालायला घरात दुसरी बाई नव्हती, म्हणून तिनेच घातली. शरीर तोवर थंड आणि ताठ झालेलं होतं. हिरव्या बांगड्या उतरवताना तिने डावं मनगट हातात घेतलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, जसं कोणी धरून चालावं, चार बोटं उमटलेली होती. दुसरं अर्ध्यावर संपत होतं.

तिने त्यावर आपलं बोट ठेवलं. तेवढीच जागा मऊ होती, आणि कोमट.